संध्याकाळचा पेला : पाच घटक आणि काही पथ्ये

संध्याकाळचे सात वाजले की उपनगरांतील इमारतींमध्ये एक ओळखीची हालचाल सुरू होते. फाटकाशी रिक्षा थांबू लागतात, लिफ्टचे दार वारंवार उघडते, कुठेतरी कुकरची शिट्टी होते. बोरिवली किंवा मुलुंडहून पस्तीस-चाळीस वर्षे ठरावीक लोकलने फोर्टातील कचेरी गाठणाऱ्या आणि त्याच गर्दीतून परतणाऱ्या पिढीसाठी ही वेळ म्हणजे दिवस संपल्याची खूण होती. हातपाय धुऊन, कपडे बदलून खिडकीशी बसायचे आणि काचेचा एक पेला हाती घ्यायचा, हा अनेक घरांतला नेम. कोणाच्या पेल्यात लिंबाचे सरबत असे, कोणाच्या पेल्यात मद्य.

पुढे वय सत्तरीपार जाते, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी भरते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, 'हे आता थांबवा.' पेला कपाटात जातो. परंतु सात वाजता मनाला लागणारी हुरहुर मात्र थांबत नाही. घरातील माणसे काळजीपोटी कोमट पाणी किंवा बेचव सूप पुढे करतात आणि ज्येष्ठ व्यक्ती चिडून विचारते, 'मी काय कायमचा आजारी आहे?' हा प्रश्न पथ्याचा जितका आहे, तितकाच सन्मानाचाही आहे. कॉकटेल म्हणजे अनेक चवी जुळवून केलेले पेय. ते घरच्या घरी, ज्येष्ठांच्या प्रकृतीला मानवेल असे आणि तरीही रुचकर कसे करता येईल, याचा विचार येथे करायचा आहे.

पाचांतले चार आपल्याच स्वयंपाकघरात

मिश्र पेयांची ही कल्पना आपल्याला परकी नाही. इंग्रजीतील 'पंच' हे पेय पश्चिम किनाऱ्यावरील वखारींमध्ये इंग्रजांच्या परिचयाचे झाले. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जॉन फ्रायर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-सुरत परिसरात राहिले होते. 1698 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी या पेयाचे नाव 'पाच' या हिंदुस्थानी शब्दाशी जोडले आहे, कारण त्यात पाच घटक असत. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नसली, तरी घटकांची मांडणी उद्बोधक आहे : आंबट, गोड, सुगंधी मसाला, पाणी आणि मद्य.

यांतील पहिले चार घटक आपल्या फडताळात नेहमीच असतात. पन्हे हा शब्दच मुळी संस्कृत 'पानक' या शब्दावरून आला आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी, गूळ, वेलदोडा आणि पाणी एकत्र करून आपण जे देतो, ते चार घटकांचे नेमके जुळवलेले पेयच होय. प्रश्न उरतो तो पाचव्या घटकाचा. मद्यामुळे घशाला जाणवणारी तिखट उष्णता, किंचित कडवटपणा आणि पेय सावकाश, घोट-घोट घेण्याची गरज, या तीन गोष्टी पेल्याला 'वजन' देतात. आले, मिरी, हिंग, भाजलेले जिरे आणि कोऱ्या चहाचा अर्क यांनी या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधता येतात. म्हणूनच केवळ गोड सरबत दिल्यावर 'यात काही नाही' म्हणणारी व्यक्ती आल्याचा झणका असलेले कोकम मात्र चवीने घेते.

'थोडी घेतली तर औषधच' या समजाविषयी

आपल्या राज्यात हा समज दृढ होण्यास इतिहासही थोडा कारणीभूत आहे. मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात प्रकृतिस्वास्थ्यासाठी मद्य घेण्याच्या परवान्याची तरतूद होती. 'डॉक्टरांनी लिहून दिलेली' दारू ही कल्पना त्या काळातील अनेकांच्या स्मरणात आहे. वैद्यकीय मत आता बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याला मुळीच अपाय न करणारे असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे चाळिशीत घेतलेलेच प्रमाण पंचाहत्तरीत रक्तात अधिक तीव्र होते. तोल जाणे, रात्री उठताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही साखळी अनेक कुटुंबांनी अनुभवली आहे. त्यात औषधांची भर पडते. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास गुंगी व श्वसनाची मंदता वाढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा पहाटे धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम अनिश्चित होतो आणि वेदनाशामक गोळ्यांबरोबर जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो.

डॉक्टरांनी अल्प प्रमाणाला हरकत घेतली नसेल, तर निदान मोजमाप प्रामाणिक असावे. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये सामान्यतः 42.8 टक्के अल्कोहोल असते. म्हणजे 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमधून सुमारे 10 ग्रॅम आणि मोठ्या पेगमधून 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. 8 टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरची 650 मिलिलिटरची बाटली चार छोट्या पेगांच्या बरोबरीची ठरते. 'बिअर तर नुसती थंड पेयासारखी' हे म्हणणे किती फसवे आहे, ते यावरून ध्यानी येईल. घरी ओतताना अंदाजाने न ओतता मापाचा उपयोग करावा.

येथे एक महत्त्वाची सूचना. वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्या व्यक्तीचे पिणे घरच्यांनी एकाएकी बंद करू नये. हातांना कंप, घाम, भ्रम, झटके अशी गंभीर लक्षणे दोन-तीन दिवसांत उद्भवू शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडवावे.

जिभेचे वय

वयोमानाने वासाची जाण मंदावते, आणि अन्नाची चव मोठ्या प्रमाणात वासावर अवलंबून असते. म्हणूनच अनेक ज्येष्ठ व्यक्ती वरून मीठ घेतात किंवा सरबतात आणखी एक चमचा साखर मागतात. यावर उपाय साखर-मीठ वाढवणे हा नसून आंबटपणा व सुगंध वाढवणे हा आहे. लिंबाची किसलेली साल, हाताने चुरडलेला पुदिना, ताजे भाजून कुटलेले जिरे यांनी पेयाला उठाव येतो.

तहानेची जाणीवही याच वयात बोथट होते. मे महिन्यातील दमट उकाड्यात आणि ऑक्टोबरच्या तापलेल्या दुपारी घाम निघत असूनही आजोबांना पाणी आठवत नाही. पाणी प्या म्हणून बजावण्यापेक्षा आवडीचे पेय समोर ठेवणे अधिक फलदायी ठरते.

तीन पेये

*कोकम-आल्याचा पंच (दोन पेले) :* आठ-दहा आमसुले एका वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत व गाळून घ्यावीत. त्यात एक चहाचा चमचा आल्याचा रस, चिमूटभर मिरपूड, पाव चमचा जिरेपूड आणि दोन चमचे चिरलेला गूळ मिसळावा. दीड पेला थंड पाणी किंवा साधा सोडा वरून ओतावा. बाजारातील तयार कोकम घेताना भेद ओळखावा : आगळात मीठ असते, अमृत कोकमात साखर. रक्तदाब असणाऱ्यांनी पहिल्यापासून आणि मधुमेह असणाऱ्यांनी दुसऱ्यापासून दूर राहावे. आमसुलांनाही मीठ लावलेले असू शकते, म्हणून चव घेतल्याखेरीज मीठ घालू नये.

*कमी गोडाचे पन्हे (चार पेले) :* एक मोठी कैरी उकडून अर्धी वाटी गर काढावा. चार चहाचे चमचे गूळ, अर्धा चमचा वेलचीपूड, केशराच्या दोन-चार काड्या आणि चार पेले पाणी घालून घुसळावे. गूळ नैसर्गिक असला तरी रक्तशर्करेच्या दृष्टीने तो साखरच होय. दिवसभरातील वरून घातलेली साखर, मध व गूळ मिळून सहा चमच्यांच्या आत राहिले तर उत्तम, हे सूत्र घरातील सर्वांनीच पाळावे.

*पावसाळ्यातील उष्ण पेला (दोन पेले) :* मरोळ, गोराई येथील गावठाणांत ईस्ट इंडियन समाजाच्या लग्नकार्यांत मसालेदार 'खिमड' करण्याची प्रथा आहे. ते मद्ययुक्त असते. पण सरींच्या संध्याकाळी हाती काही उष्ण व सुगंधी असावे, ही इच्छा मद्यावाचूनही पुरवता येते. सव्वादोन पेले पाण्यात गवती चहाची चार पाती, दालचिनीचा छोटा तुकडा, दोन लवंगा व चार मिरी दाणे घालून सात-आठ मिनिटे मंद उकळावे. गॅस बंद करून अर्धा चमचा चहा पावडर टाकावी व दोन मिनिटांनी गाळावे. किंचित निवल्यावर लिंबू पिळावे. चहाचा तुरटपणा येथे पाचव्या घटकाची उणीव भरून काढतो. ज्यांना चहाने झोप लागत नाही, त्यांनी तो वगळावा.

मिसळण्यापूर्वी औषधांची डबी पाहा

मद्य वगळले म्हणजे प्रत्येक पेय निर्धोक झाले, असे मात्र नाही. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असते. हिवतापाच्या भीतीने इंग्रजांनी ते येथे रूढ केले. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांनी ते टाळावे. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे ॲटोर्वास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन आणि निफेडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. त्याच कुळातील पपनसाबाबतही सावध असावे.

नारळपाणी व संत्र्याचा रस यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ही पेये नित्य घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सैंधव व पादेलोण हीही मीठच आहेत. काढ्यात घातले जाणारे ज्येष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब वाढवू शकते. हृदयाचे कार्य क्षीण झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत हा पेला दिवसभराच्या ठरवून दिलेल्या पाण्यातच धरावा. जुलाब-उलट्या होत असतील तर मात्र पन्हे किंवा सरबत नव्हे, ओआरएसच द्यावे.

पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पेये श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी गिळण्याची तपासणी करून घ्यावी व सांगितले असेल तेवढा दाटपणा राखावा. पेय नेहमी ताठ बसवून द्यावे आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये.

कसे द्यावे, केव्हा द्यावे

संध्याकाळची सहा ते सात ही वेळ चांगली. त्याहून उशीर झाला तर रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते आणि पडण्याची भीती वाढते. पेला दीडशे-दोनशे मिलिलिटरचा, जड बुडाचा, पकडायला खडबडीत असावा. कंप असलेल्या हातांना गुळगुळीत काच निसटते. तो तीन-चतुर्थांशच भरावा. बर्फ उकळून निववलेल्या पाण्याचा, घरीच केलेला असावा. पावसाळ्यात बाहेरचा बर्फ आणूच नये.

शक्य असेल तेथे मिसळण्याचे काम ज्येष्ठांकडेच द्यावे. लिंबू पिळणे, पुदिना खुडणे, जिरे कुटणे ही बसून होणारी कामे आहेत. बोटांना चलन मिळते आणि चव ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती राहतो. आजोबांना 'आज आले कमी पडले' असे म्हणता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्येष्ठांपुढे कोकम ठेवून बाकीच्यांनी त्यांच्यासमोर निराळे पेले भरू नयेत. निदान त्या अर्ध्या तासापुरते घरातील सर्वांनी एकच पेय घ्यावे. कचेरीतून परतलेला मुलगा, अभ्यासातून उठलेली नात आणि दिवसभर घर सांभाळणारी सून किंवा सेविका यांनी एकाच जगातून ओतून घेतले, की पेल्यातील पथ्य वेगळे जाणवत नाही. रोज जमले नाही तर शनिवार-रविवारी तरी जमवावे. आणि आजच आमसुले भिजत घातली, तर उद्यापर्यंत थांबण्याचेही कारण नाही.