बेरजेच्या वहीतली फुली

देवरी तालुका म्हणजे गोंदिया जिल्ह्याचे टोक, पलीकडे छत्तीसगड. गोंड, हलबा, बौद्ध आणि इतर बहुजन समाजाची मुले इथल्या जिल्हा परिषद शाळांत बेरीज शिकतात. गुरुजी वही तपासतात, बरोबर उत्तराला खूण करतात, चुकीला फुली मारतात. आईबाप वहीवर सही किंवा अंगठा देतात. पण त्या फुलीवरून मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे कुणाला कळले?

समजा, गुरुजींनी तोंडी गणित सांगितले, 'सत्तावीस अधिक पंधरा'. एका मुलाचे उत्तर ४१, दुसऱ्याचे ३१२, तिसऱ्याचे ८७. तिघांनाही फुली! पहिल्याला बेरीज येते, मोजताना एक सुटला एवढेच. दुसऱ्याने सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन असे शेजारी शेजारी मांडले. त्याला एकक-दशक समजलेलेच नाही. तिसरा घरी गोंडी बोलतो. 'सत्तावीस' ऐकताना आधी सात ऐकू आले म्हणून त्याने ७२ लिहिले. ७२ आणि १५ मिळून ८७ ही त्याची बेरीज बिनचूक आहे! त्याची अडचण भाषेची आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा त्याची टिंगल झाली. या मुलाचा विचार टिंगल करणाऱ्यांनी केला होता काय?

बरोबर उत्तरही असेच फसवे असते. ८ अधिक ५ करताना एक मूल पहिल्यापासून सगळी बोटे मोजते, दुसरे आठच्या पुढे मोजते, तिसरे आधी दहा पूर्ण करून तीन मिळवते, चौथे शेजाऱ्याचे बघून १३ लिहिते. चौघांची समज एक नव्हे. म्हणून खरे मूल्यमापन एका प्रश्नात आहे: "बाळ, हे तू कसं केलंस?" समोर चिंचोके ठेवा, काड्यांच्या जुड्या ठेवा. तेंदूपत्त्याच्या फडावर आईसोबत पुडके मोजणारे मूल बेरजेत 'ढ' कसे, हेही तपासा. कोर्टात साक्षीदाराला न ऐकता निकाल देत नाहीत. मग लेकराला न विचारता निकाल का?

ही कृपेची मागणी नाही, कायद्याची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे, गरजेनुसार जादा शिकवणे आणि पालकांची नियमित बैठक घेऊन प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण सांगितले आहे. अर्थात, एका गुरुजींकडे अनेक वर्ग सोपवून त्यांनाच दोष देणे अन्यायाचे होईल. पुरेसे शिक्षक देणे हे शासनाचे काम आहे.

हे आज तातडीचे आहे. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे पहिलीत न शोधलेल्या चुकीची शिक्षा पाचवीत, आणि तीही मुलालाच! शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात ठणकावून सांगितले होते. आज शाळा सुटण्याची वाट नापासीतून जाऊ नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांत आपली माणसे आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत गुण विचारू नयेत. "माझ्या मुलीची बेरीज कुठे अडते आणि त्यासाठी तुम्ही काय करणार?" हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा हे विचारू शकते. तो तिचा हक्क आहे.