एकादशीचा उपवास आणि जठराग्नी

आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी एकादशी. या दिवशी भगवान श्रीविष्णू शेषशय्येवर योगनिद्रा घेतात व चातुर्मासास प्रारंभ होतो, अशी आपली श्रद्धा आहे. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमतो आणि घरोघरी लहानथोर उपवास करतात. उपवास म्हणजे जवळ राहणे, ईश्वराच्या सान्निध्यात राहणे. परंतु ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हणही आपल्याच घरांतून निघाली आहे, हे विसरून चालणार नाही.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन आपणच चतुर्विध अन्न पचवितो. या अग्नीचे कार्य शरीरशास्त्राने बरेच उलगडले आहे. घास चावला जात असतानाच लाळेतील पाचक द्रव्य पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. जठरात तीव्र आम्लासह अन्न घुसळले जाऊन त्याची पेज होते. ही पेज थोडी थोडी लहान आतड्यात उतरते. तेथे यकृताकडून आलेले पित्त व स्वादुपिंडाचा रस तिच्यात मिसळतो आणि अन्नाचा सारभाग रक्तात शोषला जातो. उरल्यासुरल्यातील पाणी मोठे आतडे शोषून घेते.

नेहमीचे जेवण जठरातून पुढे सरकण्यास सुमारे चार तास लागतात. त्यानंतर जठर स्वस्थ बसते असे मात्र नव्हे. पोट रिकामे असता साधारणपणे दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठरातून निघून लहान आतड्यातून पुढे सरकते व मागे राहिलेले अन्नकण आणि जंतू पुढे लोटते. रिकाम्या पोटी ऐकू येणारी गुरगुर पुष्कळदा याच लाटेची असते. देवघरापुढील सडासंमार्जनच जणू देहात चालते! मात्र अन्न पोटात जाताच हे झाडणे थांबते.

आता आपल्या फराळाकडे पाहू. साबुदाणा हे टॅपिओकाच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि जोडीला तळलेले वडे! स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की जठर रिते होण्याची गती मंदावते. मग सकाळी खिचडी, दुपारी वडे, सायंकाळी बटाट्याचा कीस असा क्रम चालला, तर त्या संमार्जनास अवसर कोठून मिळणार? त्यापेक्षा फराळ एकदाच, बेताचा घ्यावा. मधल्या वेळात पाणी प्यावे व नामस्मरणात मन रमवावे.

निरोगी प्रौढाच्या यकृतातील साखरेचा साठा साधारणतः एका दिवसाच्या उपवासास पुरतो. परंतु मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, कंप, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्रतभंगाची भीती न बाळगता तत्काळ साखर घ्यावी. मधुमेही व गर्भवती यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून निराहार राहू नये. बालके, वृद्ध व रुग्ण यांना धर्मशास्त्रानेही सवलत दिलेली आहे.

द्वादशीचे पारणे मऊ वरणभाताने, सावकाश चावून करावे. अन्न पचविणारा अग्नी हे भगवंताचेच रूप मानायचे, तर त्यावर भार न घालणे हीदेखील त्याची पूजाच होय.