जुन्या काडतुसाच्या पोटात

देवळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. पुलगावचा दारूगोळा डेपो आम्हाला जवळचा, त्यामुळे मुलांना काडतुसांचं भारी कुतूहल. रिकामी नळकांडी पुन्हा भरता येतात का, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

उदाहरण म्हणून मी .303 घेतो. 1888 च्या सुमारास ब्रिटिश फौजेत आलेलं हे काडतूस 2008 च्या मुंबई हल्ल्यात सीएसटी स्थानकावर आपल्या पोलिसांच्या हाती होतं. आत शेवयांसारख्या कॉर्डाइटच्या काड्या. बुडाला बसवलेल्या जुन्या टोपीतला पारा बार उडाल्यावर पितळेत मुरतो आणि नळकांडं ठिसूळ होतं. हे काडतूस उडवणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे नळकांडं बुडाच्या जरा वर ताणलं जातं. तिथे बाहेरून जेमतेम एक उजळ रेघ दिसते, आत मात्र पत्रा पातळ झालेला असतो. पुन्हा भरून उडवलं तर तिथेच तुटून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून जाणकार आधी आतून तार फिरवून खाच चाचपतात आणि शंका आली की नळकांडं बाद करतात.

भरलेलं जुनं काडतूस तर उघडूच नये. दारू काळानुसार विघटित होते, उष्णतेने लवकर, आणि आपला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. 31 मे 2016 ला डेपोत आग लागून जवान आणि अग्निशामक दगावले. 20 नोव्हेंबर 2018 ला नष्ट करायला आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला, त्यात मजूर गेले.

शेतात काही सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.