पाकिटावर नाव नव्हतं

पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणणाऱ्याला 'ही कोणी रचली?' असं कुणी विचारत नाही. आमच्या वडनेरकडे, हिंगणघाट तालुक्यात, सावकार असो, पुढारी असो की कापसाचा पडलेला भाव, दोन-चार ओळींत त्याची भर गावासमोर हजेरी घेतली जाते. शेवटी महादेवाचा जयघोष होतो आणि ज्याला टोला बसला तोही त्यात आपला आवाज मिसळतो. म्हणणारा सगळ्यांना दिसतो, रचणारा कुणालाच ठाऊक नसतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात, त्यांच्या पाट्यांवरचा मजकूर कुणाच्या डोक्यातून आला याचीही चौकशी होत नाही. टीका करणाऱ्याने नाव बाजूला ठेवलं की टीकेला नेमकं काय बळ येतं, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षं घर करून आहे. त्याचं सगळ्यात हट्टी उत्तर मला सापडलं ते अमेरिकेतल्या द रेझिडेंट्स या रॉक बँडच्या कारकिर्दीत.

ही मंडळी मूळची लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टची. साठच्या दशकात ती कॅलिफोर्नियाकडे निघाली. तोवर कुणालाच वाद्य धड वाजवता येत नव्हतं, पण टेपरेकॉर्डर हाती होता. १९७१ मध्ये त्यांनी वॉर्नर ब्रदर्स कंपनीतल्या हॅल हाल्व्हरस्टाट यांच्याकडे एक टेप पाठवली. पाकिटावर फक्त पत्ता होता. टेप नापसंत झाली आणि परत पाठवताना पत्त्याच्या वर नुसतं 'रहिवासी' अशा अर्थाचं 'रेझिडेंट्स' लिहिलं गेलं. नकाराच्या पाकिटावरचं हे नाव त्यांनी कायमचं उचललं.

पुढच्याच वर्षी राल्फ रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढून त्यांनी 'सांता डॉग' ही जोडतबकडी काढली. तिच्यावर चार वेगवेगळ्या काल्पनिक बँडांची नावं होती. नाताळची भेट म्हणून ती वाटली, एक प्रत थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही धाडली. १९७४ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर बीटल्सच्या गाजलेल्या छायाचित्राचे चेहरे विद्रूप करून छापले होते. हजारेक प्रती काढल्या, पहिल्या वर्षी चाळीसच्या आसपास खपल्या. १९७६ च्या 'द थर्ड राइक अँड रोल'मध्ये साठच्या दशकातली लाडकी गाणी त्यांनी अशी मोडून-तोडून एकात एक कोंबली की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच आठवणींची भीती वाटावी. मुखपृष्ठावर दूरचित्रवाणीचे लोकप्रिय सूत्रसंचालक डिक क्लार्क नाझी गणवेशात. पोरांच्या करमणुकीचा धंदा हीच एक हुकूमशाही आहे, हा त्यांचा आरोप. मला तो आजही अतिशयोक्त वाटत नाही.

या सगळ्यामागे एका गूढ माणसाचं नाव घेतलं जातं: एन. सेनाडा. बव्हेरियातला संगीतकार. इंग्लंडचा गिटारवादक फिलिप लिथमन, म्हणजेच स्नेकफिंगर, याच्यासोबत तो यांच्याकडे आला, असं बँडची कथा सांगते. त्याचा 'अज्ञाताचा सिद्धान्त' असा: कलावंताच्या मनात जोवर श्रोता डोकावत असतो तोवर शुद्ध कला निपजत नाही, म्हणून निर्मिती जगापासून दूर ठेवावी. १९७४ मध्ये बँडने 'नॉट अव्हेलेबल' हा अल्बम या सिद्धान्तावर ध्वनिमुद्रित केला. एडवीना नावाची बाई, साळिंदर, कॅटबर्ड नावाचा पक्षी अशा पात्रांची ती विस्कटलेली प्रेमकथा आहे. करणारेच आपण ती केली हे विसरतील तेव्हाच ती बाहेर काढायची, असा पण होता.

तो मोडला १९७८ मध्ये. 'एस्किमो' अल्बम रखडला होता आणि बाजारात काहीतरी द्यायला हवं होतं. बँडचा कारभार पाहायला १९७६ मध्ये क्रिप्टिक कॉर्पोरेशन निघालं होतं. त्याने कपाटातली टेप काढून छापून टाकली. बँड आणि कारभारी यांच्यात तेव्हा कडाक्याचं भांडण झालं, बँड टेपा घेऊन इंग्लंडला निघून गेला, असं सांगितलं गेलं. हे भांडण मी शब्दशः मानत नाही, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बरीचशी तीच माणसं बसलेली होती. पण म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं. कलावंताला लपायचं असतं आणि त्याच्याच आतल्या व्यापाऱ्याला विकायचं असतं. हा झगडा इतक्या उघडपणे क्वचितच कुणी मांडला असेल. आणि तो अल्बम खरोखर सुंदर आहे. त्यातली करुणा बँडच्या आधीच्या टवाळीत नव्हती.

१९७९ च्या 'एस्किमो'पासून डोळ्यांचे प्रचंड मुखवटे, वर उंच टोप्या आणि खाली टक्सिडो असं त्यांचं जगप्रसिद्ध रूप आलं. १९८० च्या 'कमर्शियल अल्बम'मध्ये एकेका मिनिटाची ४० गाणी होती. ती वाजावीत म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफआरसी रेडिओवर चक्क जाहिरातींची वेळ विकत घेतली. पैसे मोजल्याशिवाय गाणं वाजत नाही, हे रेडिओच्याच दरपत्रकाने सिद्ध करून दाखवणारं याहून धारदार विडंबन मला माहीत नाही. 'मोल शो' या रंगमंचीय कार्यक्रमाच्या दौऱ्याने मात्र त्यांना कर्जात बुडवलं. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसला लाल डोळ्याचा मुखवटा चोरीला गेला, तेव्हा त्या जागी कवटी आली. मुखवटा परत मिळाला तरी कवटी राहिली. पुढची सीडी-रॉमची आणि दौऱ्यांची वर्षं मी सोडून देतो.

हार्डी फॉक्स यांना सोडता येत नाही. क्रिप्टिकचे कारभारी म्हणून ते चाळीस वर्षं वावरले. बँडमधून निवृत्त झाल्यावर, २०१७ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की बँडचे सहसंस्थापक आणि मुख्य संगीतकार आपणच. ३० ऑक्टोबर २०१८ ला मेंदूच्या कर्करोगाने ते गेले. काही चाहत्यांना हा उलगडा प्रतारणा वाटला. मला तसं वाटत नाही. झडती म्हणणारा गावाला ठाऊकच असतो. त्याच्याकडे बोट न दाखवणं हा गावाने पाळलेला संकेत असतो. बँडचं श्रीव्हपोर्टचं मूळ आणि कारभाऱ्यांची नावं ठाऊक असूनही चाहत्यांनी असाच संकेत पाळला होता. तो उलगडण्याचा हक्क कुणाचा असेल, तर आयुष्यभर तो पाळून थकलेल्या माणसाचाच.

दुसरे कारभारी होमर फ्लिन यांनी तो हक्क वापरलेला नाही; ते आजही स्वतःला फक्त बँडचा प्रवक्ता म्हणवतात. फॉक्स यांच्यानंतर, २०२० मध्ये, बँडने 'मेटल, मीट अँड बोन' काढला. लुइझियानातल्या डाइंग डॉग या विस्मृतीत गेलेल्या ब्लूज गायकाच्या टेपा सापडल्या आणि त्याच गाण्यांवर हा अल्बम उभा केला, असं त्यांनी सांगितलं. त्या टेपाही अल्बमसोबत दिल्या आहेत. मी त्या लक्ष देऊन ऐकल्या. एन. सेनाडावर माझा जितका विश्वास आहे तितकाच या गायकावर आहे, आणि टेपांमधला तो फाटका आवाज मला अल्बमपेक्षा जास्त आवडला.