यांत्रिक दूरचित्रवाणी : फिरत्या तबकडीचे तंत्र

चित्रात उजेड-अंधाराचे असंख्य ठिपके एकाच वेळी असतात, परंतु तारेतून वा बिनतारी लहरीतून एका क्षणी त्यांपैकी एकाच ठिपक्याची तीव्रता पाठवता येते. म्हणून चित्र ओळीओळीने वाचून धाडणे आणि पलीकडे त्याच क्रमाने जुळवणे भाग असते. या वाचनाला क्रमवीक्षण म्हणतात. ते साधणाऱ्या तबकडीच्या पेटंटासाठी पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ साली अर्ज केला.

या तबकडीवर सर्पिल रेषेत, म्हणजे प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा केंद्राकडे किंचित सरकलेले राहील अशा रीतीने, छिद्रे पाडलेली असतात. तबकडी फिरताना प्रत्येक छिद्र दृश्याची एक ओळ ओलांडते आणि एका फेऱ्यात पूर्ण चित्र वाचून होते. छिद्रातून आलेला प्रकाश, उजेडाचे विजेत रूपांतर करणाऱ्या प्रकाशविद्युत घटावर पडतो. ग्राहकयंत्रात त्या विजेनुसार निऑन दिवा कमीअधिक उजळतो आणि त्याच्यापुढे तशीच तबकडी नेमक्या त्याच गतीने फिरत असल्यास डोळ्याला सलग चित्र दिसते.

निपको यांच्या काळी क्षीण विद्युतप्रवाह वाढवणारे साधन नव्हते; ते निर्वात नळ्यांमुळे मिळाले, आणि २६ जानेवारी १९२६ रोजी जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना हलते चित्र दाखवले. १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकांवरून त्यांची ३० उभ्या ओळींची चित्रे सेकंदाला साडेबारा या वेगाने जाऊ लागली.

मर्यादा भूमितीतच होती. तबकडी तीच ठेवून ओळी दुप्पट केल्या, तर चित्राची लांबी-रुंदी निम्मी, छिद्राचा व्यास पाव आणि त्यातून येणारा प्रकाश सोळावा हिस्सा होतो. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने बेअर्ड यांची २४० ओळींची यांत्रिक पद्धत आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ओळींची इलेक्ट्रॉनिक पद्धत आलटूनपालटून वापरली. फेब्रुवारी १९३७ मध्ये दुसरी कायम झाली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, ते ६२५ ओळींच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीवरच.

तबकडी मागे पडली, तरी चित्राचे ओळींत विभाजन आणि दोन्ही टोकांचा ताळमेळ ही तिची तत्त्वे नव्या पद्धतीने जशीच्या तशी स्वीकारली. पुठ्ठ्याची तबकडी, लहान मोटर आणि एलईडी एवढ्यावर ग्राहकयंत्राचे तत्त्व दाखवता येते. गावोगावच्या शाळांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.