प्रवासाचें गणित आणि स्प्रेडशीट

प्रवासाचा बेत फसतो तो पुष्कळदां पैशांच्या अभावीं नव्हे, तर तारखेच्या चुकीमुळें. लग्नाचा मुहूर्त नागपुरास, वऱ्हाडी मंडळी मुंबईंत, आणि तिकिटें मात्र एक दिवस पुढचीं. अशा वेळीं साऱ्या घराची त्रेधा उडते. ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांना हें गणित स्प्रेडशीटवर सोपवितां येतें. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचें ‘व्हिझिकॅल्क’ १९७९ सालीं निघालें, आणि ‘एक्सेल’ १९८५ सालीं आलें. उभ्या रकान्यांनीं व आडव्या ओळींनीं आंखलेल्या या पत्रकाच्या प्रत्येक घरांत आंकडा तरी लिहावा, किंवा बरोबरीच्या चिन्हानें आरंभ होणारें सूत्र तरी.

एक्सेलच्या दृष्टीनें तारीख म्हणजे निव्वळ दिवसांची मोजदाद होय. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला, तर १ जानेवारी २००० चा क्रमांक ३६,५२६ येतो. गंमत अशी कीं, १९०० हें लीप वर्ष नसतांही ‘लोटस १-२-३’ या जुन्या कार्यक्रमाशीं मेळ राहावा म्हणून एक्सेल त्या सालची २९ फेब्रुवारी मोजतें. त्यानंतरचे सर्वच क्रमांक एकानें अधिक असल्यामुळें आजच्या दोन तारखांच्या वजाबाकींत मात्र बाध येत नाहीं.

ही वजाबाकी फार उपयोगाची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेचें सामान्य आगाऊ आरक्षण, प्रवासाचा दिवस वगळून, ६० दिवस आधीं खुलें होतें. २० ऑक्टोबर २०२५ या तारखेच्या घरांतून ६० वजा केले कीं २१ ऑगस्ट ही तारीख मिळते. बोटांवर महिने मोजण्याचें कारण उरत नाहीं. परंतु ५/८ असें लिहिल्यास अमेरिकन पद्धतीवर बसविलेला संगणक ५ ऑगस्टऐवजीं ८ मे समजतो. यास्तव ‘डेट’ या सूत्रांत वर्ष, महिना व दिवस असे तिन्ही आंकडे निरनिराळे द्यावेत.

वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा, सायंकाळचे सहा म्हणजे पाऊण. म्हणून प्रवासाच्या तासांना २४ नीं भागून सुटण्याच्या वेळेंत मिळवावें, म्हणजे पोहोंचण्याची तारीख आपोआप निघते. मात्र ३० तासांचा प्रवास साध्या घड्याळी रूपांत ६ तास असा दिसतो, कारण पुरा झालेला दिवस तेथें झांकला जातो. मध्यरात्रीचाही असाच घोटाळा होतो. २१ तारखेस ० वाजून २० मिनिटांनीं सुटणारी गाडी गांठावयाची, तर स्टेशनवर २० तारखेच्या रात्रींच गेलें पाहिजे.

अंतराचें सूत्र थोडें अवघड आहे. दोन गांवांचे अक्षांश व रेखांश देऊन, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असें मानून, गोलावरील त्रिकोणमितीनें तें काढतात. त्यापूर्वीं अंश रेडियनमध्यें बदलून घ्यावे लागतात, नाहीं तर उत्तर निरर्थक येतें. मुंबई व नागपूर यांचें सरळ अंतर या रीतीनें सुमारें ६८८ किलोमीटर भरतें. पण आगगाडी कांहीं पक्ष्यासारखी उडत जात नाहीं. कसाऱ्याचा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा या मार्गानें जातांना तिला सुमारें ८४० किलोमीटर तोडावे लागतात. भाडें व वेळ यांचा हिशेब करावयाचा तो या दुसऱ्या आंकड्यावरून.

तात्पर्य, सूत्र बेरीज चुकत नाहीं. पण कोणतें अंतर व कोणता दिवस मोजावयाचा, हें त्याला सांगावें लागतें. तेवढें नीट सांगितलें, तर वऱ्हाड मुहूर्ताच्या आधीं मांडवांत पोहोंचेल.