हायब्रिड कारचं ‘इको’ बटण नेमकं काय करतं? रोजच्या ट्रॅफिकमध्ये मायलेज वाढवायचं तर काय करावं?

इको मोड कधी लावावा, कधी काढावा, सिग्नलला न्यूट्रल का करू नये आणि कंपनीनं सांगितलेलं मायलेज रस्त्यावर का मिळत नाही? जाणून घ्या सविस्तर.

‘कंपनीनं २७ सांगितलं होतं, गाडी १९च देतेय!’ हायब्रिड कार घेतलेल्या घरात पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात ते इंधन वाचेल या हिशेबानं. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘अरे, इको मोड लावत जा.’ बटण दाबलं जातं. गाडी जरा सुस्त वाटते, एसी कमी थंड वाटतो आणि मायलेज जवळपास तिथंच राहतं. मग हे बटण करतं तरी काय?

आधी तुमची गाडी कोणती हायब्रिड आहे ते पाहा

हायब्रिड असं लिहिलेल्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. मारुतीच्या काही मॉडेलमधलं ‘स्मार्ट हायब्रिड’ हे माइल्ड हायब्रिड तंत्र आहे. त्यात छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, ती एकटी गाडी ओढू शकत नाही. ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटी ई:एचईव्ही या गाड्यांत मात्र मोटर काही अंतर एकटी गाडी चालवते आणि त्या वेळी इंजिन बंद असतं. पुढची माहिती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांसाठी आहे.

इको मोडमध्ये काय बदलतं?

मुख्यतः दोन गोष्टी. पहिली म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद. पेडल तेवढंच दाबलं तरी नॉर्मल मोडपेक्षा कमी आणि हळूहळू ताकद दिली जाते. दुसरी गोष्ट एसीची. त्याच्यावरचा विजेचा खर्च आवरता घेतला जातो. इंजिन तेच, मोटर तीच, बॅटरीही तीच राहते. म्हणजे इको मोड तुमच्या पायाला आवर घालतो. ज्यांचा पाय मुळातच हलका आहे, त्यांना फारसा फरक जाणवत नाही. गाडी सुस्त वाटते म्हणून जे पेडल आणखी दाबतात, त्यांनाही नाही.

मग पेट्रोल वाचतं कुठे?

ब्रेकमध्ये. प्रवाशांसह साधारण दीड टन वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जात असेल, तर तिच्यात सुमारे ०.०४ युनिट ऊर्जा साठलेली असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते. हायब्रिडमध्ये मोटरच उलटी जनरेटरसारखी फिरते, गाडीचा वेग कमी करते आणि वीज बॅटरीत भरते. वाटेतली गळती धरली तरी अशा एका थांब्यातून मिनिटभर एसी चालेल एवढी वीज परत मिळू शकते. वाकडच्या पुलापासून हिंजवडीपर्यंत किंवा घोडबंदर रोडवर असे थांबे किती येतात, हे रोज जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच हायब्रिडची खरी कमाई एक्स्प्रेस वेवर नसते, ती शहरातल्या गर्दीत होते.

पण त्याला एक अट आहे. ब्रेक हळू आणि लवकर दाबायला हवा. मोटर एका मर्यादेपर्यंतच वीज परत घेऊ शकते. पुढच्या गाडीच्या अगदी मागे जाऊन करकचून ब्रेक मारला, तर नेहमीचे ब्रेक मदतीला येतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. शंभर मीटरवर लाल दिवा दिसला की तेव्हाच पाय उचलणं, हा पेट्रोल वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय आहे.

टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांत डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये ‘सीएचजी’, ‘इको’ आणि ‘पॉवर’ असे तीन पट्टे दिसतात. सीएचजी म्हणजे बॅटरी भरतेय. यातला इको पट्टा आणि इको मोड या वेगळ्या गोष्टी आहेत. बटण न दाबताही काटा इको पट्ट्यात ठेवता येतो आणि बटण दाबूनही तो पॉवरमध्ये जाऊ शकतो. ट्रॅफिकमध्ये बटणापेक्षा या काट्याकडे अधूनमधून नजर टाकलेली बरी.

सिग्नलला न्यूट्रल? ही सवय सोडा

गिअरच्या गाडीतून हायब्रिडवर आलेले अनेक जण सिग्नलला किंवा उतारावर गाडी न्यूट्रल करतात. हायब्रिडमध्ये याचा उलटा परिणाम होतो. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. उतारावर फुकट मिळणारी वीज वाया जाते आणि लांब जॅममध्ये बॅटरी उतरत राहते. सिग्नलला गाडी ‘डी’मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा. इंजिन एरवीही बंदच झालेलं असतं.

ईव्ही बटणाची वीज फुकट नसते

काही गाड्यांत ‘ईव्ही’ असं आणखी एक बटण असतं. ते दाबलं की कमी वेगात, थोडं अंतर गाडी फक्त विजेवर जाते. त्यामुळे कायम तेच दाबून ठेवण्याचा मोह होतो. पण या गाड्यांना बाहेरून चार्जिंग नसतं. बॅटरीतली प्रत्येक युनिट वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, थेट इंजिनकडून किंवा ब्रेकच्या वाटेनं. बॅटरी ओढून संपवली की ती भरायला इंजिनला जास्त काम करावं लागतं आणि त्या देवाणघेवाणीत ऊर्जा वाया जाते. रात्री उशिरा सोसायटीत आवाज न करता गाडी लावायची असेल, तर हे बटण उपयोगी आहे. एरवी कधी मोटर आणि कधी इंजिन, हा निर्णय गाडीवर सोडावा.

याच कारणानं गाडी विजेवरच राहावी म्हणून सिग्नल सुटल्यावर अगदी रांगत निघण्यातही फायदा नाही. मागच्यांचे हॉर्न तेवढे ऐकावे लागतात. बेताच्या गतीनं हवा तो वेग गाठावा आणि मग पाय हलका करावा.

उभ्या गाडीत इंजिन का सुरू होतं?

उत्तर बहुतेक वेळा एसी हेच असतं. हायरायडरची बॅटरी ०.७६ युनिटची आहे. गाडी ती कधीच पूर्ण रिकामी होऊ देत नाही. त्यातली अर्धी वीज वापरता येते आणि एसीला एक किलोवॉट लागतो असं धरलं, तर वीस-बावीस मिनिटांत ती संपते. जॅममध्ये उभं असताना इंजिन मधूनच सुरू झालं, तर तो बिघाड नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात इको मोडमुळे केबिन थंड होत नसेल, तर आधी नॉर्मल मोडमध्ये गाडी गार करून घ्यावी आणि नंतर इको लावावा. लहान मुलं किंवा वृद्ध सोबत असतील, तर चार थेंब पेट्रोलसाठी त्यांना घामाघूम करण्यात अर्थ नाही.

इको मोड कधी काढावा?

हायवेवर शिरताना आणि ओव्हरटेक करताना. सर्व्हिस रोडवरून बायपासवर येताना मागून कंटेनर येत असतो आणि गाडीनं लगेच वेग घ्यायला हवा असतो. पेडल तळापर्यंत दाबलं तर ताकद मिळते, पण इको मोडमध्ये अर्ध्यावर दाबलेल्या पेडलचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी असतो. तो एक सेकंद महाग पडू शकतो. चढाच्या घाटातही नॉर्मल मोड बरा.

बोरघाटासारखा लांब उतार असेल, तर ज्या गाडीत गिअरच्या दांडीवर ‘बी’ आहे, तिथं तो वापरावा. मोठ्या उतारावर बॅटरी पूर्ण भरली की ती आणखी वीज घेत नाही. अशा वेळी इंजिनचा अडसर वापरून गाडी आवरली जाते. त्याचा आवाज वाढतो, पण पेट्रोल जळत नाही आणि ब्रेकही तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ नको.

२७ आणि १९ मधला फरक कुठून येतो?

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर हायब्रिडचं प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून होते. ती ११८० सेकंदांची म्हणजे वीस मिनिटांपेक्षा कमी असते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. तिथं खड्डे नाहीत, चढ नाहीत, मागे बसलेली चार माणसंही नाहीत. थंड इंजिननं दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाण्यानंही मायलेज पडतं, कारण इंजिन तापेपर्यंत ते बंद ठेवता येत नाही. अशी दोन-तीन कामं एकाच फेरीत उरकणं चांगलं. टायरमधली हवाही महिन्यातून एकदा, गाडी फार न चालवता तपासावी.

किती वाचेल?

समजा, गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालते. मायलेज १९ वरून २२ वर गेलं, तर महिन्याला सुमारे ७ लिटर पेट्रोल वाचतं. १०० रुपये लिटर धरलं तर ७०० रुपये, वर्षाला साडेआठ हजारांच्या आसपास.

तुमच्या गाडीत आणि तुमच्या रस्त्यावर इको मोडनं किती फरक पडतो, हे स्वतः तपासता येतं. एका पंपावर टाकी फुल करा आणि महिनाभर नेहमीच्या रस्त्यानं नॉर्मल मोडमध्ये, लवकर पाय उचलण्याची सवय लावून गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल करून किलोमीटरला लिटरनं भागा. पुढच्या महिन्यात हेच इको मोडमध्ये करा. पहिल्याच महिन्यात आकडा वाढलेला दिसला, तर तो बटणामुळे नाही, तुमच्या पायामुळे वाढला आहे.